हातापुरती भूल, जन्माचे मोल

कडबाकुट्टीत, मळणी यंत्रात किंवा जिनिंगच्या पट्ट्यात बोटे सापडलेला माणूस धुळे-जळगावच्या दवाखान्यांना नवा नाही. असा माणूस बहुधा शेतातून थेट येतो. हाताला फडके गुंडाळलेले, बरोबर दोन-चार भाऊबंद आणि पोटात तासाभरापूर्वी खाल्लेली कळण्याची भाकरी. भरल्या पोटी पूर्ण भूल देणे धोक्याचे. उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत गेले तर हाताच्या जखमेपायी जीव जायचा. मग भूलतज्ज्ञ गळ्याच्या हाडाजवळ किंवा काखेत एक सुई घालतो, नेमक्या जागी औषध सोडतो आणि पंधरा-वीस मिनिटांत खांद्यापासून बोटांपर्यंतचा हात लाकडासारखा होतो. माणूस मात्र टक्क जागा. घरी बैल कोणी बांधले, याची चौकशी तो टेबलावर पडल्या पडल्या करू शकतो.

बाहेर बसलेल्या नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. ही भूल किती वेळ राहील? प्रश्न साधा वाटतो, पण तो वैद्यकाच्याही मागे १८८४ सालापासून लागलेला आहे. तुटलेला स्नायूबंध शोधून शिवायला दोन-दोन तास लागतात, आणि टाके घालून झाले तरी खरी वेदना सुरू होते ती रात्री, भूल उतरल्यावर. औषध मज्जातंतूपाशी अधिक वेळ कसे थांबवून धरायचे, या प्रश्नाला पहिल्यांदा हात घातला तो न्यूयॉर्कच्या एका तरुण, श्रीमंत आणि विलक्षण धाडसी सर्जनने. त्याचे नाव विल्यम स्ट्युअर्ट हॉल्स्टेड. शस्त्रक्रियेच्या जगात हे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. बारीक रक्तवाहिनी पकडणारा ‘मॉस्किटो’ चिमटा त्याच्या नावाने ओळखला जातो. सर्जनच्या हातातले रबरी मोजे त्याच्यामुळे आले. मोठ्या रुग्णालयात रात्री-अपरात्री धावणारे जे ‘रेसिडेंट’ डॉक्टर आपण पाहतो, त्यांच्या शिक्षणाची पद्धत त्याने घालून दिली. आणि ज्या औषधाने त्याने माणसांचे हात-पाय, जबडे बधिर केले, त्याच औषधाने त्याला आयुष्यातून उठवायचे तेवढे बाकी ठेवले.

हॉल्स्टेडचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. घराण्याचा कापड आयातीचा मोठा व्यापार होता. येल विद्यापीठात असताना या मुलाचे लक्ष अभ्यासापेक्षा मैदानावर अधिक. फुटबॉलच्या संघाचा तो कर्णधार होता, आणि चार वर्षांत ग्रंथालयातून त्याने एकही पुस्तक नेल्याची नोंद नाही, असे त्याचे चरित्रकार सांगतात. शेवटच्या वर्षी मात्र त्याने शरीररचनेचे एक पुस्तक विकत घेतले आणि त्या पुस्तकाने त्याला धरून ठेवले. १८७७ साली तो डॉक्टर झाला. न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये उमेदवारी करताना त्याने रुग्णाचा ताप, नाडी आणि श्वास एकाच कागदावर रेषांनी मांडणारा तक्ता सुरू केला. खाटेच्या पायथ्याशी टांगलेला तो तक्ता आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयातही कोणी न पाहिलेला नाही.

त्यानंतर दोन वर्षे तो युरोपात होता. त्या काळी शस्त्रक्रियेची काशी म्हणजे व्हिएन्ना आणि जर्मन विद्यापीठे. तिथून १८८० साली परतलेला हॉल्स्टेड न्यूयॉर्कमध्ये जणू वाऱ्यावर स्वार होता. एकाच वेळी अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रिया, संध्याकाळी विद्यार्थ्यांचे वर्ग, रात्री मेजवान्या. त्याच्या धाडसाचे दोन प्रसंग नेहमी सांगितले जातात. १८८१ साली बहिणीला बाळंतपणानंतर भयंकर रक्तस्राव झाला. ती हाताची जाणार असे दिसताच त्याने स्वतःच्या शिरेतून रक्त काढून तिला चढवले आणि मग शस्त्रक्रिया करून रक्त थांबवले. रक्तगटांचा शोध लागायला अजून वीस वर्षे होती. गट जुळला, बहीण वाचली. पुढच्याच वर्षी आईच्या पित्ताशयात पू झाला. रात्री दोनच्या सुमारास स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने आईचे पोट उघडले, पू काढला आणि सात खडे बाहेर काढले. आईही वाचली. अशा माणसाला भीती कशी ती ठाऊक नसते, आणि पुढे जे घडले त्याचे बीज यातच असावे, असे मला वाटते.

सप्टेंबर १८८४ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे नेत्रतज्ज्ञांची परिषद भरली. व्हिएन्नातल्या कार्ल कोलर नावाच्या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरने एक शोध लावला होता, पण परिषदेला जायला त्याच्याजवळ गाडीभाडे नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्यानेच वाचला. कोकेनचा द्राव डोळ्यात घातला की डोळा बधिर होतो आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असताना त्यावर शस्त्रक्रिया करता येते, असे त्यात सिद्ध केले होते. कोलरचा मित्र सिग्मंड फ्रॉईड, पुढे मनोविश्लेषणासाठी गाजलेला, याच काळात कोकेनच्या गुणांवर लिहीत होता. पण तो उन्हाळ्यात आपल्या वाग्दत्त वधूला भेटायला गेला आणि शोध कोलरच्या पदरात पडला! बातमी महिन्याभरात न्यूयॉर्कला पोचली.

हॉल्स्टेडने ती वाचली आणि एक पाऊल पुढे विचार केला. डोळ्याच्या पृष्ठभागावर थेंब टाकून तो बधिर होतो, हे खरे. पण बोट, दात किंवा अख्खा हात बधिर करायचा तर काय करायचे? वेदना जिथे होते तिथून ती मेंदूपर्यंत जाते मज्जातंतूंच्या वाटेने, ज्यांना आपण बोलीत ‘नस’ म्हणतो. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीने शेती करणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी माती लावत बसण्यापेक्षा पाटाच्या तोंडाशीच फळी टाकली की पुढचे सगळे वाफे कोरडे. हॉल्स्टेडने ही फळी मज्जातंतूच्या मुळाशी टाकली. खालच्या जबड्यातून जाणारा तंतू हाडात शिरतो त्या जागी कोकेन टोचले, तर त्या बाजूचे खालचे दात आणि अर्धा ओठ बधिर झाला. मानेत शस्त्रक्रिया करून हाताकडे जाणाऱ्या तंतूंचा गुच्छ त्याने उघडा केला आणि त्यात औषध सोडले, तेव्हा सारा हात बधिर झाला. दंतवैद्याच्या खुर्चीत दाढ काढण्यापूर्वी जबड्याच्या मागे जी सुई टोचतात, तिची वंशावळ थेट इथपर्यंत येते.

हे प्रयोग त्याने आधी कोणावर केले? स्वतःवर, रिचर्ड हॉल या सहकाऱ्यावर आणि वर्गात येणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांवर. संध्याकाळी मंडळी जमायची, एकमेकांना सुया टोचायची, कुठे बधिर झाले आणि किती वेळ राहिले ते लिहून ठेवायची. डिसेंबर १८८४ मध्ये हॉलने या कामाचा पहिला वृत्तांत छापला. वर्षभरात या गटाने हजारावर शस्त्रक्रिया या पद्धतीने केल्या.

‘किती वेळ’ या प्रश्नाचे उत्तर या नोंदींतूनच निघाले, आणि माझ्या मते हॉल्स्टेडचे हे निरीक्षण त्याच्या नावावर असलेल्या कितीतरी मोठ्या शस्त्रक्रियांइतकेच मोलाचे आहे. भूल का उतरते? औषध तंतूपाशी मुरून संपते म्हणून नव्हे. रक्त ते उचलून नेते म्हणून. तेव्हा रक्ताचा ओघ कमी केला की तेच औषध अधिक वेळ टिकते, आणि कमी मात्रेतही भागते, हे त्याने ताडले. रक्त अडवलेल्या कातडीला अगदी पातळ द्रावही पुरतो, इतकेच काय, कातडीत नुसते पाणी टोचले तरी काही काळ तिथली संवेदना जाते, असे त्याने १८८५ च्या सप्टेंबरमध्ये लिहिले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्याच जेम्स लिओनार्ड कॉर्निंगने हाताला वरच्या बाजूने पट्टा आवळून कोकेनची भूल लांबवता येते, हे दाखवले.

पण पट्टा किती वेळ आवळणार? रक्त अडवून धरलेला हात पुढे दुखू लागतो आणि फार वेळ ठेवला तर निकामी होतो. यावर तोड काढली ती जर्मन सर्जन हाइनरिश ब्राउन याने, १९०३ साली. मोडलेला पाय ज्या लोखंडी चौकटीवर टेकवून ठेवतात ती आपल्या अस्थिविभागांत ‘बोलर-ब्राउन’ म्हणून ओळखली जाते. त्यातला ब्राउन हाच. त्याने भुलेच्या औषधात ॲड्रेनलिनचे काही थेंब मिसळले. ॲड्रेनलिन रक्तवाहिन्या आकसवते. म्हणजे बाहेरून पट्टा न बांधता आतून, औषधानेच बांधलेला पट्टा. भूल लांबली, शिवाय औषध रक्तात एकदम न मिसळल्याने विषबाधेचा धोकाही घटला. दोन वर्षांत कोकेनच्या जागी नोव्होकेन आले, ज्याची चटक लागत नाही. ते फार लवकर उतरे, पण ॲड्रेनलिनच्या जोडीने कामाचे ठरले. १९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले, आणि आज दंतवैद्य किंवा सर्जन सुई भरतो ती बहुधा त्याची. दोन लाख भागांत एक भाग ॲड्रेनलिन, एवढ्याशा मिश्रणाने लिग्नोकेनची भूल सुमारे दुपटीने टिकते. सुई देण्याआधी दंतवैद्य रक्तदाबाची आणि हृदयविकाराची चौकशी करतो, ती या ॲड्रेनलिनपायी. ती चौकशी टाळू नये आणि उत्तर लपवू नये.

पुढे ब्युपिव्हाकेनसारखी मुळातच लांब टिकणारी औषधे आली. त्यांत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड किंवा इतर एखादे औषध अल्प प्रमाणात घालून हाताची भूल रात्र काढण्याइतकी लांबवता येऊ लागली. सोनोग्राफीच्या पडद्यावर तंतू बघत सुई घालण्याची सोय झाली. नेमके औषध नेमक्या जागी पडले की थोडे पुरते.

या साऱ्या खटाटोपात उष्णतेचे काम मोठे मजेदार आहे. खान्देशात वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, तेव्हा उष्णतेचे कौतुक कोण करणार! पण भुलेचे औषध शरीराच्या तापमानाइतके कोमट करून टोचले तर टोचताना आग कमी होते, आणि औषधाच्या रेणूंचा अधिक भाग तंतूच्या आवरणातून आत शिरू शकेल अशा रूपात येतो, म्हणून ते लवकर लागू पडते. उलट, औषध टोचल्यावर बाहेरून शेक दिला तर तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हॉल्स्टेडने ओळखलेला तो चोर, म्हणजे रक्त, औषध लवकर पळवतो. एकच उष्णता, पण सुईच्या आत मित्र आणि सुईनंतर शत्रू.

गेल्या काही वर्षांत तिचा तिसराच गुण पुढे आला आहे. वेदना वाहणाऱ्या तंतूंवर एक अतिसूक्ष्म दार असते. ते त्रेचाळीस अंशांच्या आसपासच्या उष्णतेने उघडते आणि मिरचीतल्या तिखट द्रव्यानेही उघडते. ठेचा खाल्ल्यावर तोंड ‘भाजते’ असे आपण म्हणतो ते अलंकारिक नव्हे. नंदुरबारच्या मिरचीने आणि तापल्या तव्याने तंतूचे एकच दार वाजते. हे दार १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधले आणि २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. २००७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी या दाराचा वेगळाच उपयोग केला. लिग्नोकेनचेच एक भावंड असे आहे की ते एरवी तंतूत शिरू शकत नाही. पण मिरचीच्या द्रव्याने दार उघडून दिले की आत शिरते आणि आतच अडकून बसते. उंदरांत त्यामुळे फक्त वेदना थांबली, पायाची हालचाल चालू राहिली आणि परिणाम काही तास टिकला. मिरची टोचण्याची आग नको म्हणून पुढे साध्या लिग्नोकेननेच दार उघडण्याचे प्रयोग झाले. उष्णता आणि भुलेची औषधे यांची सांगड घालून भूल लांबवण्याचा विचार याच दारातून आलेला आहे. त्या भावंड-औषधाच्या विषारीपणाची शंका फिटलेली नसल्याने माणसांसाठी तो अजून दवाखान्यात आलेला नाही.

दवाखान्यात जी उष्णता आलेली आहे ती निराळीच. लिग्नोकेन उन्हाने सहसा बिघडत नाही. त्यातले ॲड्रेनलिन मात्र उष्णता आणि प्रकाश यांनी नासते. ते टिकावे म्हणून द्राव मुद्दाम आंबट ठेवतात (टोचताना आग होते ती काही अंशी यामुळे) आणि बाटली गार, अंधाऱ्या जागी ठेवायची असते. आता जळगाव-भुसावळची मे महिन्यातली दुपार, पत्र्याचे छप्पर आणि गेलेली वीज डोळ्यांसमोर आणा. अशा खोलीत पडून राहिलेल्या बाटलीतले ॲड्रेनलिन निकामी झाले तर भूल लागेल, पण अर्ध्या वाटेत उतरेल. द्रावाला तांबूस-तपकिरी छटा आली असेल तर ती बाटली टाकून द्यायची असते. जिथे तालुक्याच्या गावाला भूलतज्ज्ञ बोलावून आणावा लागतो, तिथे औषधाचा फ्रीज ही चैन नव्हे.

घरच्यांसाठीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. हात बधिर करून घरी किंवा खाटेवर आणलेल्या माणसाच्या हाताला आपल्याकडच्या आजीबाई मायेने गरम पाण्याच्या पिशवीचा किंवा विटेचा शेक द्यायला जातात. तो बिलकूल देऊ नये. भाजले तरी त्या हाताला कळत नाही आणि भूल उतरल्यावर जखमेच्या जोडीला फोड दिसतात. दाढ काढून आणलेले लहान मूल बधिर ओठ गंमत म्हणून चावत बसते, त्याच्याकडेही दोन तास लक्ष ठेवावे.

पण हे सारे पुढचे. १८८५ च्या न्यूयॉर्कमध्ये ॲड्रेनलिन नव्हते, नोव्होकेन नव्हते. होते ते केवळ कोकेन, आणि त्याची चटक लागते हे कोणाला नीट ठाऊक नव्हते. औषधाच्या दुकानात ते राजरोस मिळे. हॉल्स्टेड आणि त्याची मंडळी महिनोन्महिने स्वतःला टोचून घेत होती. बधिर झालेले बोट तासाभरात पूर्ववत होई. मेंदूला लागलेली ओढ मात्र कमी होत नव्हती. १२ सप्टेंबर १८८५ रोजी एका वैद्यकीय नियतकालिकात हॉल्स्टेडचा कोकेनवरचा लेख आला. त्याची वाक्ये इतकी लांबलचक आणि भरकटलेली आहेत की कर्ता-कर्माचा मेळ लागत नाही. ज्याची शस्त्रक्रिया टाक्या-टाक्याला नेटकी, त्याचे लिखाण असे सुटले होते. तो वर्ग चुकवू लागला, रुग्ण सोडून निघून जाऊ लागला. गटातले बहुतेक सारे या गर्तेत गेले. हॉल न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बाराला गेला आणि १८९७ साली तिकडेच वारला. इतरांची तर नावेही सहसा कोणी घेत नाही. हॉल्स्टेडच्या चरित्रांत हा प्रसंग पुष्कळदा विज्ञानासाठी केलेला त्याग म्हणून रंगवला जातो. मला ते पुरते पटत नाही. स्वतःवर प्रयोग करणे हा त्याचा अधिकार होता, पण शिकायला आलेली मुले त्याच्या विश्वासावर हात पुढे करत होती.

त्याच्या नशिबाने विल्यम वेल्च हा मित्र त्याच्यामागे उभा राहिला. १८८६ च्या आरंभी वेल्चने त्याला शिडाच्या जहाजातून वेस्ट इंडिजच्या बाजूला नेले. समुद्रावर कोकेन मिळणार नाही, बरोबर नेलेले हळूहळू कमी करू, असा बेत होता. सांगतात की साठा संपल्यावर हॉल्स्टेडने कप्तानाची औषधपेटी फोडली. परतल्यावर तो प्रॉव्हिडन्स येथील बटलर हॉस्पिटल या मनोरुग्णालयात दाखल झाला आणि काही महिने तिथे राहिला. तिथल्या उपचारात कोकेन सोडवण्यासाठी मॉर्फिन दिले गेले. विंचू उतरवायला साप लावावा तसा हा प्रकार. कोकेनचा जोर ओसरला, मॉर्फिन मात्र चिकटले. १८८७ साली त्याला पुन्हा त्याच रुग्णालयात जावे लागले.

वेल्च तोपर्यंत बाल्टिमोरला नव्याने उभ्या राहत असलेल्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत गेला होता. त्याने हॉल्स्टेडला आपल्या घरी ठेवून घेतले आणि प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या आतड्यांवर काम करायला लावले. आतडे शिवताना टाका नेमका कोणत्या थरात धरतो, हे त्याने तिथे शोधून काढले. १८८९ साली रुग्णालय उघडले, पुढे तो तिथला मुख्य सर्जन आणि १८९२ साली प्राध्यापक झाला. मित्रांनी केलेली ही पारख धोक्याची होती. रुग्णालयाच्या कारभाऱ्यांना साऱ्याच गोष्टी ठाऊक होत्या असे दिसत नाही.

न्यूयॉर्कचा तो धडाकेबाज सर्जन आता निराळाच माणूस झाला होता. हळू, अबोल, एकलकोंडा. शस्त्रक्रिया इतकी सावकाश आणि सूक्ष्म की बघणारे कंटाळत. पूर्वी सर्जनचे कसब घड्याळावर मोजत. भूल नव्हती तेव्हा ते ठीक होते. हॉल्स्टेडने दाखवून दिले की रुग्णाला वेदना नसेल तर घाई करण्याचे कारण नाही. रक्ताचा थेंब न् थेंब थांबवायचा, ऊती चिमटवायच्या नाहीत, रेशमाच्या बारीक धाग्याने थरावर थर जुळवायचा. हर्निया आणि स्तनाचा कर्करोग यांवरच्या त्याच्या शस्त्रक्रिया जगभर गेल्या. स्तनाची त्याची अघोरी मोठी शस्त्रक्रिया पुढे मागे पडली, पण ऊतींशी हळुवार वागण्याचा त्याचा धडा मागे पडलेला नाही.

मोज्यांची गोष्ट मात्र प्रेमाची आहे. त्याच्या शस्त्रक्रियागृहात कॅरोलिन हॅम्प्टन ही मुख्य परिचारिका होती. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या द्रावाने तिच्या हातांना पुरळ उठे. १८८९-९० च्या हिवाळ्यात हॉल्स्टेडने गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबराचे मोजे करवून घेतले. जंतुसंसर्ग टाळावा हा हेतू त्यात नव्हता, तिचे हात जपावेत एवढाच होता. जून १८९० मध्ये दोघांनी लग्न केले. मोजे मागे राहिले, मदतनीस ते घालू लागले आणि काही वर्षांनी ब्लडगुड या त्याच्या शिष्याने सर्व सर्जननी मोजे घातल्यास जखमा कमी पिकतात हे दाखवून दिले. आपल्या बायकोसाठी जे सुचले ते आपल्या रुग्णांसाठी इतकी वर्षे कसे सुचले नाही, याचे खुद्द हॉल्स्टेडलाही नवल वाटत असे.

बाल्टिमोरच्या घरात दोघे नवरा-बायको वेगवेगळ्या मजल्यांवर राहत. मूलबाळ नव्हते. उन्हाळ्यात ती दोघे नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात जात, तिथे तो डेलियाची फुले लावी. सदरे धुण्यासाठी पॅरिसला पाठवी! वर्षातले कित्येक आठवडे तो कुठे जातो, कुणाबरोबर असतो, हे शिष्यांना कळत नसे. तरी याच माणसाच्या हाताखालून हार्वे कुशिंग आणि वॉल्टर डँडी यांच्यासारखे मेंदूचे सर्जन तयार झाले. कुशिंग तरुणपणी हर्नियाच्या शस्त्रक्रिया तंतूत कोकेन टोचून करत असे. पूर्ण भूल ज्यांना झेपणार नाही अशा रुग्णांसाठी ही वाट त्याने खुली ठेवली, आणि तिची मुळे आपल्या गुरूच्या न्यूयॉर्कमधल्या दिवसांत आहेत हे त्याला पुष्कळ उशिरा समजले. हॉल्स्टेड त्या दिवसांविषयी बोलत नसे.

त्यामुळे झाले असे, की तंतू बधिर करण्याच्या शोधाचे श्रेय बरीच वर्षे वाटेल त्याला मिळत गेले आणि हॉल्स्टेडने त्यावर हक्क सांगितला नाही. १८८५ चा तो भरकटलेला लेख पुन्हा कोणी वाचावा असे त्याला वाटत नसणार. अखेर जबड्याच्या सुईचा ज्यांना रोज उपयोग होतो त्यांनीच उकरून काढले. १९२२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने बाल्टिमोरला त्याचा सत्कार करून सुवर्णपदक दिले. शोधानंतर सदतीस वर्षांनी.

आईच्या पोटातून ज्याने खडे काढले त्यालाही पित्ताशयाच्या खड्यांनीच गाठले. १९१९ साली एकदा शस्त्रक्रिया झाली होती. १९२२ च्या उन्हाळ्यात दुखणे उलटले. त्याने घडवलेल्या शिष्यांनीच पुन्हा त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. नंतर न्यूमोनिया झाला आणि ७ सप्टेंबर १९२२ रोजी, सत्तरावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना, तो गेला. कॅरोलिन त्याच वर्षी नोव्हेंबरात गेली.

कोकेनचे दिवस जवळच्या मंडळींना ठाऊक होते, पण हॉल्स्टेड त्यातून पुरता बाहेर पडला अशीच समजूत होती. हॉपकिन्समधला त्याचा सहकारी, प्रसिद्ध वैद्य विल्यम ऑस्लर याने संस्थेच्या आरंभीच्या दिवसांची एक खासगी टिपण वही लिहून, मोहरबंद करून ठेवली होती. ती १९६९ साली उघडण्यात आली. हॉल्स्टेडला मॉर्फिन कधीच सुटले नव्हते, असे तिच्यात होते. बाल्टिमोरला आल्यानंतर कित्येक वर्षे तो रोज सुमारे दोनशे मिलिग्रॅम मॉर्फिन घेत होता, त्याखाली येणे त्याला जमत नव्हते, आणि तेवढे घेऊन तो शस्त्रक्रियागृहात उभा राहत होता.